तसेच ठेवावे

मकरपुऱ्याहून फोटो आला, रात्री सव्वाअकराला.
खोकल्याच्या औषधाची बाटली, तिच्यावर लेबल,
आणि तुकडीचा क्रमांक असायला हवा तिथं
सी, प्रोग्रॅम फाइल्स, गिट, तुकडी-सात.
खाली कारखानदाराचे दोन शब्द: आ शुं?

हितार्थ म्हणाला, मृणालबेन, मारा मशीन पर तो चाले छे.
चालणारच. तो विंडोजच्या घरच्या काळ्या खिडकीत राबतो.
मी त्याच विंडोजवर युनिक्सचं बिऱ्हाड थाटलेलं,
भाड्याच्या खोलीत आपले देव मांडावेत तसं.

शेलला विचारलं, व्हेरिएबलमध्ये काय ठेवलंय मी?
तिरपी रेघ, तुकडी-सात.
पुन्हा विचारलं. तेच.
खोटं बोलत नव्हता बिचारा,
त्याच्या घरात ते तसंच होतं.
उंबरा ओलांडून पलीकडच्या प्रोग्रॅमकडे जाताना मात्र
कुणीतरी मदतीला धावत होतं, न बोलावता:
रेघेनं सुरू होतंय म्हणजे पत्ताच असणार,
परक्या गावात चुकेल,
थांब, पूर्ण लिहून देते.

असं प्रेम मला ओळखीचं आहे.

गेल्या महिन्यात याच उंबऱ्यावर दुसरंच काही मोडलं होतं.
इकडे दोन ठिपके म्हणजे दोन पत्त्यांमधलं कुंपण,
तिकडे तेच ठिपके ड्राइव्हच्या नावाचा भाग, सी-ला चिकटलेले.
यादी जुन्या स्क्रिप्टच्या हाती लागली आणि तिनं ठिपक्यांवर सुरी चालवली.
विसर्गावर कापलं तर दुःखाचं काय होईल?
दु एका घरी, ख दुसऱ्या घरी,
आणि दोघांनाही विचारलं तर म्हणणार,
असं कुणी इथं राहत नाही.

बाबा कोठी कचेरीत भाषांतरकार होते.
मोडीतले दस्त गुजरातीत. विहिरी, वाटण्या, एका पिंपळावरून चाललेली तीस वर्षं.
एका नव्या कारकुनानं पोतनिसांचा खजानची केला.
सदाशिव खजानची.
अर्थ बरोबर होता. माणूस नाहीसा झाला.
पादऱ्याकडच्या एका विहिरीचा चौथा हिस्सा
पुढं वर्षभर कुणाच्याच नावावर नव्हता.
तेव्हापासून बाबा नावाखाली तांबड्या पेन्सिलीनं
दोन रेघा ओढायचे
आणि समासात लिहायचे, तसेच ठेवावे.

पावणेएकला मी तिरप्या रेघेशेजारी
अजून एक तिरपी रेघ काढली.
नियमच आहे तसा, कुठंतरी खोल लिहिलेला:
दोन दिसल्या तर एक गाळ, आणि बाकी हात लावू नकोस.
लेबल निघालं. तुकडी-सात, पुढं एकच रेघ,
तिला बाटलीवर जागा ठेवलेलीच होती.
हितार्थनं टाळी दिली, कोपऱ्यावर सेव-उसळ खाऊ घातली, तिखट.

घरी आई जागी. जमून घेतलंस?
पुण्याची मावसबहीण या शब्दाला दर दिवाळीला हसते:
जमून काय घ्यायचं, गणित आहे का?
आमच्याकडे गुजराती शब्द मराठी लुगडं नेसून
दोन पिढ्या स्वयंपाकघरात वावरतो आहे.
मी कधी दोन्हीतलं कुठलंच दुरुस्त केलं नाही.
हो आई, जमून घेतलं.

सकाळी हितार्थनं तीच स्क्रिप्ट त्याच्या मशीनवर चालवली.
तिथं मदतीला कुणी धावत नाही,
म्हणून काही गाळलंही जात नाही.
बाटलीवर दोन्ही रेघा छापून आल्या, शेजारी शेजारी.
मकरपुऱ्याहून फोटो. आ शुं?

हसू आलं, आणि बाबांनी एकदाच सांगितलेलं आठवलं.
त्यांच्या समासातली ती सूचना
पुढच्या कारकुनानं इमानानं मजकुरात घेतली होती,
गुजरातीत, शिक्क्यासकट:
सदाशिव पोतनीस, जेमना तेम राखवा.